माहेरनं नाव

आमचा गॅसचा सिलिंडर दारापर्यंत आला आणि परत गेला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा सिलिंडर परत गेला म्हणजे पुढचे कित्येक दिवस घरात रॉकेलचा वास. आणि तो परत पाठवला होता आमच्या लक्ष्मीमावशीने.

गोडादऱ्यात आमच्या खोल्यांच्या रांगेत पहिली खोली तिची. दिवसभर ओट्यावर बसून ती साड्यांचे सुटलेले धागे कापायची. रांगेत शिरणाऱ्या प्रत्येकाला तिच्या कात्रीसमोरूनच जावं लागायचं. सिलिंडरवाल्याने गुजरातीत विचारलं, "मीनाक्षीबेन क्यां रहे छे?" मावशी म्हणाली, "मीनाक्षी? इधर कोई नहीं." गेला बिचारा.

मीनाक्षी म्हणजे माझी बायको. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मीच ते नाव लिहिलं होतं. पुढे आपण सुधारक आहोत हे चारचौघांना कळावं म्हणून गॅसही तिच्याच नावावर घेतला. सुधारणा अशी अंगाशी येते.

संध्याकाळी मी भांडायला गेलो. "मावशी, अगं मीनाक्षी म्हणजे आमची!"

"हाई तं सासरनं नाव," कात्री न थांबवता ती अहिराणीत म्हणाली. "माहेरनं काय शे?"

हा प्रश्न तिने विचारला नाही अशी बाई त्या भागात नसेल. बांगडीवाली, बालवाडीच्या बाई, सुया टोचायला येणारी नर्स, सगळ्यांना आधी हेच. एकदा उत्तर मिळालं की सासरचं नाव बाद. रांगेतल्या बायका सुरुवातीला लाजायच्या. मग नवऱ्याच्या हाकेला जेवढा वेळ लावायच्या त्याच्या निम्म्यात तिच्या हाकेला ओ देऊ लागल्या. हे काही आम्हा पुरुषांना फारसं रुचलं नव्हतं.

मावशी सातवी शिकलेली, तीही सासरी. नवरा गेल्यावर तिला वाचनाचा नाद लागला, आणि तोही एकाच प्रकारच्या पुस्तकांचा. पूर्वीच्या बायका कशा जगल्या, त्यांचं काय काय केलं गेलं. मी कापड मार्केटात कारकून, जाता-येता स्टेशनजवळच्या मराठी वाचनालयातून ती पुस्तकं आणून द्यायचो. दुपारी रांगेतल्या बायका आपापले साड्यांचे गठ्ठे घेऊन ओट्यावर जमायच्या. त्या धागे कापायच्या, मावशी वाचून दाखवायची. कोणाचं केशवपन केलं, कोण उंबऱ्याआड लपून अक्षरं शिकली, कोणत्या राणीला एका रात्रीत हाकललं. पण मजकुरात 'राजाची धाकटी राणी' किंवा 'त्यांची पत्नी' असं आलं की तिचं बोट तिथेच अडायचं.

"इतकं जाड पुस्तक, अन् हिच्या नावाला जागा नाही? त्याच्या घोड्याचं नाव दिलंय बघा!"

एकदा घाईत, मुखपृष्ठावर बाईचं चित्र पाहून, मी लोणच्यांचं पुस्तक आणलं. तिने तेही शेवटपर्यंत वाचून दाखवलं. म्हणाली, "छान होतं. एकीलाही कोणी मारलं नाही."

तर, त्या संध्याकाळी तिचा प्रश्न, माहेरनं काय शे? ओट्यावर दुपारपासूनच्या सगळ्या बायका अजून जमलेल्या. मी छाती पुढे काढून ठणकावून सांगितलं, "सुशीला!"

एकजात सगळ्या कात्र्या थांबल्या. मागून माझ्या बायकोचा आवाज आला, "सुशीला ती अमळनेरची. मला बघायच्या आधी हे तिला बघून आले होते. मी वेणू. मावशीला विचारा."

सिलिंडर नसल्याने आमचं घर थंड होतंच. ते आणखी थंड झालं.

माझ्यासारख्या माणसाने तिथे गप्प बसायचं असतं. मी सूड घ्यायचं ठरवलं. रविवारी ओटा भरलेला पाहून तिच्याच चालीत विचारलं, "मावशी, लक्ष्मी हाई तं सासरनं नाव. तुन्हं माहेरनं काय शे?"

ती हसेल, नाही तर कात्री उगारेल, असं मला वाटलं होतं. ती पुस्तकाची पानं उलटू लागली. "कुठवर आलो होतो गं काल?"

"सांग ना! आता का लाजतेस?"

तिने चष्मा काढला. "माहीत नाही रे भाऊ."

मग धाग्यांचा भाव सांगावा इतक्या सरळपणे तिने सांगितलं. आई गेली तेव्हा ती चार-पाच वर्षांची. बापाने लग्न लावलं, सासरी पोचवलं, आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही. नवराही पोरच. भटजीने त्याचा हात धरून तांदळात लक्ष्मी लिहवून घेतलं. कळती झाल्यावर तिने सासूला विचारलं, तर सासू म्हणाली, "लक्ष्मी काय वाईट आहे?"

"आई अंगणातून हाक मारायची," मावशी म्हणाली. "हाक आठवते. नाव नाही आठवत. म्हणून सगळ्यांना इचारते. कोणी तरी तेच सांगेल, अन् माझी मान आपोआप वळेल."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "पण लक्ष्मी काय वाईट आहे?"

ओट्यावरच्या बायकांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून रांगेत एक नवाच खेळ सुरू झाला. मावशी कामात गुंतली की कोणी तरी दारातून अचानक हाक मारायची. "ए चंद्रे!" "ए ठके!" "ए सोने!" मावशीची मान काही वळायची नाही. "नाही गं. पुढचं," एवढंच म्हणायची. मीही माझ्या आज्या-आत्यांची नावं आठवून पुरवली. एकही लागू पडलं नाही.

एका दुपारी माझी बायको नळावर होती. तिथूनच तिने हाक मारली, "ए वेणू!"

कात्री थांबली. मान वळली.

बायको हंडा तसाच टाकून आली. "मावशी, हेच?"

मावशीने कात्री खाली ठेवली. "नाही वाटत. तुझी हाक तेवढी आईसारखी होती." मग एकदम सावरून म्हणाली, "अन् ते तर तुझं नाव गं!"

"असू दे," बायको म्हणाली. "मला घरात कुठे लागतं? हे तर मीनाक्षीच म्हणतात. दोघीत वापरू."

त्यानंतर रांगेत कोणी वेणू म्हणून हाक मारली की दोन घरांतून ओ यायची. मीही शहाणा होऊन घरात वेणू म्हणायला लागलो. फक्त माझ्या हाकेला दोघींपैकी एकच मान वळायची, आणि ती माझ्या बायकोची नसायची.