भूगोलाच्या बाई गल्लीत उतरतात

"शुक्रवारी सगळे या माझ्या वर्गात! अख्खं जग आणून ठेवते समोर. आणि खुर्च्या आणायच्या असतील तर हात असलेल्या आणा, नाहीतर पडाल!"

असं म्हणून भूगोलाच्या बाईंनी स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटला. त्या दणक्याने टाय सरांचा चहा टाय सरांच्या टायवर गेला. बाईंनी मुद्दाम केलं नव्हतं. पण वाईटही वाटलं नाही त्यांना.

कारण सगळी आग टाय सरांनीच लावली होती. टाय सर म्हणजे इंग्रजीचे. उकाड्याने भिंतींना घाम फुटला तरी यांच्या गळ्यात टाय! त्यांनी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, डोक्यात भरवलं की नववी ब ला इंग्रजी बोलायला जास्त तास हवेत. तास आणायचे कुठून? भूगोलातून! आठवड्याच्या चारातले दोन कापायचे.

"डोंगर काय आणि नद्या काय, कुठे पळून जातायत का?" टाय सर म्हणाले. "दोन तासांत होतं की!"

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. सव्वीस वर्षं त्या उंदरांनी कुरतडलेल्या नकाशावर छडी ठेवून जग शिकवत होत्या. त्या नकाशात दोन समुद्रांच्या मधे उंदराने तिसरा समुद्र केला होता. तो नाहीये, हेही दरवर्षी शिकवावं लागायचं! आणि म्हणे दोन तास!

मोठ्या बाईंनी तोडगा काढला. "शुक्रवारी शाळेचे अध्यक्ष येतायत. त्यांच्यासमोर एक तास घ्या. मुलं जागी राहिली तर चार तास तुमचे. झोपली तर दोन."

नववी ब ला जागं ठेवायचं! त्यापेक्षा दगडाला पोहायला शिकवणं सोपं.

मग बाई लागल्या कामाला. ऑफिसातल्या क्लार्कने कागदावर पाच-सहा ऑनलाइन साधनांची नावं लिहून दिली. तो कागद आणि घरचा जुना कॉम्प्युटर घेऊन बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या.

पहिलं साधन प्रश्नमंजुषेचं. बाईंनी स्वतः दहा प्रश्न घातले, स्वतःच सोडवले, आणि दहापैकी सात पडले. शेवटी तर "आणखी अभ्यास करा" असं येऊन एक घुबड रडलं. बाईंनी ते तिथल्या तिथे बंद केलं.

दुसऱ्यात आपला आवाज एखाद्या चित्राला देता यायचा. बाईंनी बेडूक निवडला. बेडूक म्हणाला, "गप्प बसा रे!" तर आतल्या खोलीतून बाईंचे मिस्टर घाबरून बाहेर आले. "अगं, मी कुठे काय बोललो?"

आणि तिसऱ्यात निघाली पृथ्वी.

काळ्याभोर अंधारात एक निळा गोळा. बाईंनी हळूच बोट लावलं, तर फिरला! ढकललं तर गरकन फिरला! ज्या पृथ्वीची त्रिज्या सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिली, ती आज बोटाच्या टोकावर भोवऱ्यासारखी! बाईंचा आ वासला तो मिटेचना.

"अगं, दूध उतू जातंय!" मिस्टर ओरडले.

"तुम्ही उतरवा! मी वाळवंटात आहे!"

मिस्टरांनी दूध उतरवलं आणि स्वतःही येऊन बसले. दोघांनी मिळून बर्फाचा एक अख्खा प्रदेश ओलांडला. "अंगात स्वेटर घालू का गं?" मिस्टर म्हणाले. बाई हसल्यासुद्धा नाहीत. त्यांना खरंच थंडी वाजत होती.

शुक्रवार उजाडला. नववी ब, बावन्न मुलं, खिडक्यांना जाड पडदे, समोर मोठा पांढरा पडदा. मागच्या रांगेत एका बाजूला मोठ्या बाई, दुसऱ्या बाजूला टाय सर, आणि मधल्या खुर्चीत अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे भला दांडगा माणूस. त्यांचं पोट आधी वर्गात आलं आणि मग थोड्या वेळाने अध्यक्ष आले. काखेत छत्री. पिवळ्या-जांभळ्या पट्ट्यांची, सर्कशीच्या तंबूवरून कापड फाडून आणल्यासारखी. बाहेर ऊन असो नाहीतर काही असो, ही छत्री सोडून अध्यक्षांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी वाळवंट लावलं. पण नेट इतकं मंद की वाळवंट चौकोना-चौकोनाने यायला लागलं. एक चौकोन वाळू. थांबा. दुसरा चौकोन वाळू. पहिल्या बाकावर जांभई आली, ती मागे मागे सरकत अध्यक्षांपर्यंत पोचली. टाय सर टाय नीट करत गालात हसले.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दोन तास गेले! गेलेच!

तेवढ्यात चष्मेवाली उठली. वर्गात प्रश्न विचारणारी ही एकच. "बाई, यात आपली शाळा दिसते?"

बाईंच्या वहीत चाळीस मिनिटांचा आराखडा होता. त्यात शाळा नव्हती. पण बुडत्याला काडी! "दिसते म्हणजे? न दिसायला काय झालं?" म्हणत त्यांनी नाव टाकलं आणि बटण दाबलं.

आणि अख्खा वर्ग आकाशातून खाली पडला!

गोळा फुगला, समुद्र बाजूला झाले, ढग फाटले, जमीन अंगावर धावून आली. मुलांनी बाकं घट्ट धरली. कुणीतरी "आई गं!" केलं. ते टाय सर होते. आणि धप्पकन समोर शाळेचं छप्पर!

"बाई, आपला बॉल! गेल्या वर्षीचा!"

"बाई, छपरावर खुर्ची कुणाची?"

"माझी!" मागून मोठ्या बाई उठूनच उभ्या राहिल्या. "तीन वर्षं शोधतेय मी ती!"

वर्गात एकही डोळा मिटलेला नव्हता. बाईंना चेव आला. पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलासा पिवळा माणूस असतो. त्याला उचलून रस्त्यावर सोडलं की आपण त्या रस्त्यावर उभे. बाईंनी त्याची मानगूट पकडली आणि पाय हलवत असतानाच त्याला शाळेसमोर टाकला.

समोर गल्ली! तीच! पण कोपऱ्यात तारीख तीन वर्षांपूर्वीची. नकाशा बनवणाऱ्या कंपनीची गाडी फोटो काढत गेली होती, आणि त्या दिवशी जो जिथे होता तो तिथेच राहिला होता. सायकलवाल्याचा पाय वरच. नळाचं पाणी हवेतच. माणसांची तोंडं मात्र कंपनीने पुसलेली, ओल्या बोटाने शाई फासावी तशी. कुणाची ओळख पटू नये म्हणून.

पण तोंड पुसून काय होतंय? पोटाचं काय? चालण्याचं काय?

"बाई, माझे बाबा! ते बघा, चप्पल घासत चाललेत!"

"बाई, आमचा मोती!" चष्मेवाली किंचाळली. मोती हा तिचा कुत्रा. गेल्या वर्षी गेला. आणि इथे चांगला शेपूट वर करून उभा! मशीनने त्याचंही तोंड पुसलं होतं. "कुत्र्याला कोण ओळखणार होतं?" ती म्हणाली आणि हसता हसता तिचा चष्मा ओला झाला.

बाई एकेक पाऊल पुढे टाकत होत्या. बेकरी आली. बेकरीच्या बाकावर रेघांचा शर्ट घातलेला एक माणूस दोन्ही हातांत एकेक क्रीम रोल धरून बसला होता. तोंड पुसलेलं, पण त्या पुसलेल्या तोंडालाही क्रीम लागलेलं दिसत होतं!

"अय्या, हे तर आमचे हे!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

बावन्न मुलं बाकावर लोळली. मिस्टरांनी चार वर्षांपूर्वी, साखरेचा आजार निघाला त्या दिवशी, गोड सोडलं होतं. शपथेवर! बाईंनी तारीख वहीत लिहून घेतली. घरचं घरी बघू.

आणि या रागातच त्यांनी जोरात बटण दाबलं.

चित्र सर्रकन फिरलं आणि शाळेच्या मागच्या भिंतीवर जाऊन थांबलं. भिंतीवर पाटी: "येथे उभे राहू नये. हुकमावरून, अध्यक्ष." आणि पाटीच्या बरोब्बर खाली, भिंतीकडे तोंड करून, एक भला दांडगा माणूस उभा होता. उभा कशासाठी होता ते पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. आणि काखेत पिवळ्या-जांभळ्या पट्ट्यांची छत्री!

बावन्न डोकी पडद्यावरून हळूहळू मागे वळली. छत्री बघितली. परत पडद्याकडे वळली.

"बाई, पुढे चला!" मोठ्या बाई दबक्या आवाजात ओरडल्या.

"चालत नाहीये हो! नेट अडकलंय!"

बाईंनी घाईघाईत जे सापडेल ते दाबलं. चित्र मोठं झालं! परत दाबलं. आणखी मोठं! आता पडद्यावर फक्त पाटी, पाठ आणि छत्री. बाईंची बोबडी वळली. त्या धावत जाऊन पडद्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या, तर अध्यक्षांची पाठ बाईंच्या अंगावर आणि "उभे राहू नये" बरोबर कपाळावर!

"मुलांनो," बाई घसा खाकरून म्हणाल्या, "हे जे कोणी गृहस्थ आहेत, ते भिंतीची पाहणी करत आहेत."

"हो!" मागून अध्यक्ष गरजले. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. "भिंतीला ओल आली होती! तीच बघत होतो!"

"पण साहेब," चष्मेवाली अगदी मनापासून म्हणाली, "ओल आली कुठून?"

टाय सरांनी टाय तोंडात कोंबला. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. अध्यक्ष छत्री सावरत उठले आणि दाराकडे निघाले. त्यांच्याबरोबर बाईंचे दोन तास निघाले! बाई आडव्या गेल्या. "साहेब, थांबा! नेट आलं की लगेच पुढे जाईल!"

आणि तेव्हाच नेट आलं. मघापासून बाईंनी जेवढ्या वेळा बटण दाबलं होतं तेवढी पावलं चित्र एका दमात पळालं. भिंत गेली, कोपरा गेला, आणि एका रस्त्यावर जाऊन चित्र थांबलं. आता तिथे मोठा रुंद रस्ता आहे. चित्रात मात्र एक बुटकं घर होतं. निळं दार, तीन पायऱ्या. मधल्या पायरीवर एक म्हातारी, एक पाय दुमडून, हाताची सावली डोळ्यांवर धरून कुणाची तरी वाट बघत बसलेली.

अध्यक्ष दारातच थांबले.

"आई," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. ते घर रस्त्यासाठी पाडलं, त्याच वर्षी म्हातारी गेली, हे सगळ्यांनाच माहीत होतं. अध्यक्ष बाकांमधून वाट काढत पडद्यापाशी गेले. छत्री वाटेत कुठेतरी पडली. त्यांनी हात पुढे केला, तर त्यांची स्वतःची सावली पडद्यावर पडली आणि आई दिसेनाशी झाली. चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला.

"साहेब, खाली बसा," पहिल्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं. "मग सावली पडत नाही."

आणि तो भला दांडगा माणूस फरशीवर मांडी घालून बसला. बावन्न मुलांच्या पुढे, मान वर करून.

"तोंड पुसलंय हो," ते म्हणाले. "पण बसणं बघा! अशीच बसायची. मला यायला उशीर झाला की." मग अगदी हळू, "बाई, जरा जवळ जाता येईल?"

बाई जवळ गेल्या. बाईंनी ज्वालामुखी शिकवले होते, ग्रहणं शिकवली होती. पण नववी ब मध्ये इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही. बाहेर पुढच्या तासाचे सर आले, तेही दारात उभे राहून बघत राहिले.

शेवटी अध्यक्ष उठले. दोन मुलांनी एकेक हात धरून उठवलं. डोळे पुसून झाल्यावर ते परत अध्यक्ष झाले. "भूगोलाचे तास चारच राहतील," ते म्हणाले. बाईंना उडी मारावीशी वाटली. "पण! ते भिंतीचं चित्र आधी पुसलं गेलं पाहिजे. ते पुसेपर्यंत मी सही करणार नाही."

म्हणजे हाता-तोंडाशी आलेले तास आता त्या भिंतीवर लटकले! बाईंनी त्याच दुपारी कंपनीचा फॉर्म उघडला. "काय पुसायचे आहे त्याभोवती चौकट आखा." सोपं होतं. एवढीशी पाठ आणि एवढीशी छत्री.

पण चौकट आखणारी बाई सव्वीस वर्षं शिक्षिका! चारी बाजूंनी ऐसपैस समास सोडल्याशिवाय त्यांच्या हाताला चौकट आखताच येत नाही. त्यांनी वर समास सोडला, खाली सोडला, डावीकडे सोडला, उजवीकडे जरा जास्तच सोडला, आणि पाठवून दिलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं: "आपली विनंती मान्य. हा बदल कायमचा आहे." बाईंनी अध्यक्षांना आणि मोठ्या बाईंना समोर बसवून नकाशा उघडला. माणूस पुसला होता. छत्री पुसली होती. पाटी, भिंत, मैदान, फाटक, सगळंच पुसलं होतं. अख्ख्या शाळेच्या जागी एक पांढरा धुरकट ढग!

"शाळा कुठाय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"समासात गेली," बाई पुटपुटल्या.

अध्यक्षांनी मात्र ढग नीट निरखून बघितला, समाधानाने मान हलवली आणि सही ठोकली. चार तास कायम!

आता चार तास कायम होऊन थोडे दिवस झालेत. नवे प्रवेश सुरू आहेत. नकाशात शाळा दिसत नाही म्हणून पालकांचे सारखे फोन येतात, शाळा बंद पडली का हो? त्यामुळे मोठ्या बाईंनी आपणहून भूगोलाचा पाचवा तास वाढवून दिलाय. त्या तासाला बाई ऑफिसात फोनपाशी बसतात आणि सांगतात, "नाही हो, चालू आहे! बेकरीवरून सरळ या, आणि जिथे काहीच दिसत नाही ना, तिथे आत शिरा!"