बापूंची डावीकडे ओढणारी गाडी

बापू माणसाचं तोंड नंतर बघायचे. आधी त्याच्या चपलांचे तळवे. लग्न होऊन मी राहात्याला आले, तेव्हा शेजारचे वडीलधारे म्हणून त्यांच्या पाया पडले. आशीर्वाद देता देता त्यांनी उंबऱ्याशी काढलेली माझी चप्पल उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला आणि सासूबाईंना म्हणाले, "वैनी, सून चांगली हाय. पर डावा पाय आत ओढतीया. टायर एका अंगानं खाल्लाय."

मी नगरची, मॅट्रिक पास, आणि स्वतःला सिनेमातली नटी समजणारी. पुढचे कितीतरी दिवस दार लावून आरशासमोर चालून बघितलं. पाय खरंच आत ओढत होता.

हे असेल एकाहत्तर साल, दुष्काळाच्या आधीचं. मोसंबीची बाग चांगली धरली तेव्हा बापूंनी एका रिटायर साहेबाची जुनी काळी गाडी घेतली होती. ती डावीकडे ओढायची. नव्या नवलाईत जिजीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, शेजारी बसवून निघाले आणि पाटाच्या कडेच्या चारीत, म्हणजे पाण्याच्या चरात, उतरले. जिजीचं मनगट मोडलं. तिथंच चिखलात बसून ती म्हणाली, "परत ह्या गाडीत पाय ठिवनार न्हाई." तेव्हापासून ती बाजाराला बैलगाडीतून जायची, आणि बैलांच्या चालीनं मागून बापूंची मोटार. वरात निघाल्यासारखं दिसायचं.

आम्ही हसायचो खरे, पण बापूंना घोर वेगळाच होता. जिजीची म्हातारी आई तिकडे भंडारदऱ्याकडे अंथरुणाला खिळली होती. लेकीला एकदा डोळ्यांनी बघू द्या, असा निरोपावर निरोप. एसटीत जिजीला उलट्या व्हायच्या. पहिल्याच थांब्याला उतरून मागं फिरायची. बैलगाडी घाट चढून कधी पोचणार? राहिली ती मोटार.

म्हणून बापू रोज सकाळी गाडी खळ्यावर आणून लावत. सारवून गुळगुळीत केलेलं खळं. त्याहून सपाट जागा गावात नव्हती. "ताप आला म्हून लगीच गोळी द्याची न्हाई. ताप कशाचा ते आदी बघायचं," हे त्यांचं पालुपद. चक्कर मारून आले की चाकाला उलटा हात लावायचे. ब्रेक धरत असेल तर चाक तापतं. नव्हतं तापत. हवा बघितली, सारखी. पुढची दोन्ही टायरं इकडची तिकडे केली, तरी ओढ डावीकडेच. मग चाकांना चुन्याच्या रेघा मारून, पुढून आणि मागून काठीनं अंतर मोजलं. "बोटं फाकलीत हिची, चाकं म्होरनं भाईर वळलीत," म्हणाले आणि गाडीखाली शिरून चाकं जोडणाऱ्या दांडीचा नट फिरवला. गाडी सरळ धावली. पण बापू खूष नव्हते. "येकटा असलो की सरळच जाती. डाव्या अंगाला वजन आलं की बिघडती. मंजी शेजारी कुनीतरी बसवून माप घ्याला पायजे."

आणि जिजी तर बसणार नव्हती.

एका सकाळी त्यांनी हाक मारली, "सूनबाई, गाडीत बसतीस का?" मला वाटलं, चला, आपली कदर झाली. जॉर्जेटची साडी नेसले, गॉगल लावला. बाहेर आले तर बापूंनी मला मोसंबी तोलायच्या काट्यावर उभं केलं. "लईच हलकी निगाली," म्हणाले आणि गाडीत बसवून माझ्या मांडीवर गुळाची ढेप ठेवली. पायाशी आणखी ढेपा. गाडी जागची हलली नाही. बापू सुतळी आणि काठी घेऊन चाकांभोवती फिरतायत, वर ऊन, साडीला गूळ, गॉगलवर माश्या. खळ्याच्या कडेला बायका गोळा झाल्या. मी तरी मान उंच ठेवून समोर बघत होते, कॅमेरा चालू असल्यासारखी.

गलका ऐकून जिजी बाहेर आली. "अवो, पोरीला गुळात काय पुरताय? बाजरीचं पोतं मिळालं न्हाई व्हय?"

गाडीखालून बापूंचा आवाज आला, "तुज्याइतकं वजन करतोय. तुजं वजन मला गुळातच ठावं हाय."

बायका फिदीफिदी हसल्या. जिजी मात्र ढेपा मोजायला लागली. सासूबाईंनी मग माझ्या कानात सांगितलं. पूर्वी जिजीला मुदतीचा ताप आला होता, आशा सुटली होती. ती उठली तर तिची गुळाची तुला करीन, असा नवस बापूंनी केला होता, आणि फेडलाही.

"अवो," जिजी म्हणाली, "ती तुला मी आजारातनं उठल्यावरची. तवा माजी नुसती काडी झालती. आता बगा की माज्याकडं! ह्या ढेपांत मी मावती का?"

बापू गाडीखालून बाहेर आले. धोतराला शेण, कपाळाला ग्रीस. जिजीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. खरंच गोंधळले बिचारे.

"मला काय फरक दिसला न्हाई," म्हणाले.



"उतर गं पोरी," जिजी म्हणाली. मी ढेपांसकट उतरले. तिनं पदर खोचला आणि गाडीत बसली. गाडी डावीकडे अशी खचली की बापूंचे डोळेच चमकले. "हितं हाय व्हय दुखनं!" पुन्हा काठी, पुन्हा रेघा, पुन्हा नट. काम झालं तरी ते चाकाशी बसूनच राहिले.

"झालं ना?" जिजीनं विचारलं.

"झालं. पर आज उतर. मी येकटा आदी फिरवून बगतो."

"आय तिकडं वाट बघतीया. चला."

बापू स्टिअरिंगवर बसले. मी दाराशीच उभी होते म्हणून मला दिसलं, त्यांनी किल्लीला हात लावला, जिजीच्या मोडलेल्या मनगटाकडे बघितलं आणि हात काढून घेतला. गाडीत बसायला एवढे दिवस जिजी भीत होती, असंच आम्ही सगळे समजून चाललो होतो.

गाडी पाटाच्या रस्त्याला लागली. सरळ, पण इतकी सावकाश की मागून आलेल्या एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली. बापूंनी हात बाहेर काढून त्याला पुढं जाऊ दिलं.