नेवासकर सरांची अकरा मिनिटं

नेवासकर सरांनी माझी एक फिल्म काढली आहे. तिच्यात मी चहा पितो. अकरा मिनिटं. बशीत ओततो, फुंकर मारतो, पितो, आणि उरलेली सात मिनिटं रिकाम्या कपाकडे बघत बसतो, कारण समोर कॅमेरा लावून उभे असलेले सर ‘उठू नका शिंदे, मी नाहीच असं समजा’ म्हणत असतात. फिल्मचं नाव ‘शेजारी’. माझ्या बायकोनं ती तीन मिनिटं पाहिली, कपाचं काम चांगलं झालंय म्हणाली आणि कुकर बघायला निघून गेली.

सर सावेडीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. तीस वर्षं त्यांनी पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तरकी केली. निवृत्त झाल्यावर नगरला आले. पुढे वहिनी गेल्या, मुलगी मेघना नोकरीसाठी बंगळुरूला गेली. आता निवृत्त माणसानं काय करावं, याचे आपल्याकडे काही ठरलेले नियम आहेत. सकाळी फिरायला जावं, पेपर वाचून सरकारला शिव्या द्याव्यात, दुपारी झोपावं, संध्याकाळी गुडघ्यांबद्दल बोलावं. सरांनी कॅमेरा घेतला. साध्यासुध्या माणसांवर आणि जागांवर ते छोटे माहितीपट काढतात. त्या माहितीपटांत माहिती मात्र औषधालाही सापडत नाही. सर कुणाला प्रश्न विचारत नाहीत, मागे कुणी काही सांगत नाही, संगीत नाही. माणूस असतो, तो आपलं काहीतरी करत असतो आणि बरोबर अकरा मिनिटांनी फिल्म संपते.

अकराच का, असं मी एकदा विचारण्याची चूक केली.

‘अहो, पहिली दोन मिनिटं माणूस केस सारखे करतो,’ सर म्हणाले. ‘मग पाच मिनिटांपर्यंत नाटक करतो. सातव्या मिनिटाला दमतो. त्यानंतर जो उरतो तो खरा माणूस.’

‘मग तासभर काढा की.’

‘अकरानंतर माझ्या पायांना मुंग्या येतात.’

‘मी नाहीच असं समजा’ हे त्यांचं ब्रीदवाक्य. सर सहा फूट उंच आहेत, कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की त्यांना हमखास शिंका येतात आणि मास्तरकी अंगातून गेलेली नाही. चौकातल्या पंक्चरवाल्याची फिल्म काढताना एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, तर त्याला यांनी भर रस्त्यात ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करायला सांगितलं. आश्चर्य म्हणजे त्यानंही ते केलं. तेवढ्यात एक गृहस्थ पंक्चर झालेली स्कूटर ढकलत आले, त्यांना सर म्हणाले, ‘तुम्ही फ्रेममध्ये येताय, दहा मिनिटं तिकडे थांबा.’ ते गृहस्थ घामाघूम होऊन पुढच्या दुकानाकडे गेले. पंक्चरवाला भला माणूस. त्यानं हात जोडून एवढंच सांगितलं, ‘सर, पुढच्या टायमाला आधी कळवा. मी दुकान बंद ठेवत जाईन.’

या सगळ्यात मी कसा अडकलो? माझ्याकडे गाडी आहे आणि मला रविवारी सुट्टी असते. एवढे दोन गुन्हे सरांना पुरले. दोन वर्षं माझा एकही रविवार माझा राहिलेला नाही. तिपाई मी उचलायची, वायर मी गुंडाळायची, ऊन आलं की छत्री मी धरायची, आणि परत येताना छत्री कशी चुकीची धरली हे ऐकायचं. सर उत्साहाच्या भरात माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतात आणि मी त्या वाटू देतो. बायको म्हणते, तुम्हाला नाही म्हणता येत नाही. मला म्हणता येतं. सरांना ऐकता येत नाही.

त्यांची इच्छा तशी एकच होती. एका तरी माणसानं त्यांची एक तरी फिल्म शेवटपर्यंत पाहावी. आजवर ते कुणाच्यानं झालं नव्हतं. मेघनाला ते प्रत्येक फिल्म पाठवत. दोन मिनिटांत तिचा अंगठा येई. ‘अकरा मिनिटांची फिल्म पोरीनं दोन मिनिटांत पाहिली,’ असं सर हसत सांगत, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

सोसायटीच्या गणपतीत त्यांनी हट्टानं एक फिल्म लावायला लावली. नाव ‘आपली टाकी’. विषय, सोसायटीची पाण्याची टाकी. आपण किंवा आपली मुलं दिसतील या आशेनं सगळी मंडळी आवरून आली होती. पडद्यावर टाकी. टाकीत पाण्याची धार. तिसऱ्या मिनिटाला चेअरमनसाहेबांना फोन आला, जो वाजला नव्हता. पाचव्या मिनिटाला बायकांना आरतीची तयारी आठवली. आठव्या मिनिटाला मी एकटा उरलो, कारण लॅपटॉप माझा होता.

दिवे लागल्यावर सर माझ्याजवळ आले. ‘शेवट कसा वाटला?’

‘फारच छान,’ मी म्हणालो. ‘टाकी भरते तो क्षण तर...’

‘टाकी भरत नाही शिंदे. वीज जाते.’

मला डुलकी लागली होती, हे त्यांना कळलं. ते रागावले नाहीत. खुर्च्या आवरू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

जानेवारीत एका रविवारी सकाळी सर दारात उभे. ‘चला, पाथर्डीला जायचंय. कोंडाबाईची फिल्म काढायची.’ त्यांच्या जुन्या शाळेच्या गावात ही कोंडाबाई राहते. तिचा मुलगा भाऊसाहेब सरांचा विद्यार्थी. विद्यार्थी म्हणजे दिवाळीपर्यंतचा. दिवाळी झाली की त्याचे आईबाप ऊसतोडीला जात आणि पोराला बरोबर नेत. आता भाऊसाहेब आणि त्याची बायको सुनीता दरवर्षी जातात, या वर्षी देवळाली प्रवराकडे होते. म्हातारी घर राखायला मागे.

करंजीचा घाट उतरून, पुढे धूळ खात आम्ही पोचलो. गावातल्या निम्म्या घरांना कुलपं. कोंडाबाई ओट्यावर बसली होती. सरांना बघून तिनं पदर सारखा केला.

‘काय बोलू मास्तर?’

‘काही बोलू नको. मी नाहीच असं समज.’

‘बोलायचं न्हाई तर मंग फोटूच काढा की. माझं लई बरं हाय म्हनून पोराला सांगा, झालं.’

सरांनी कॅमेरा चालू केला. म्हातारीनं थोडा वेळ फोटोसाठी बसावं तसं तोंड केलं. मग कंटाळली. बाजरी निवडली. कोंबडी हाकलली. उठून रांजणातून तांब्या भरून आणला. पुन्हा बसली. मी डोक्यावर ऊन घेऊन सरांवर छत्री धरून उभा, आणि एक शेळी माझा रुमाल खात होती. मी मनात म्हटलं, भीक नको पण कुत्रं आवर. अकरा मिनिटं झाल्यावर सर म्हणाले, ‘उत्तम!’ काय उत्तम झालं ते मला कळलं नाही.

पुढच्या रविवारी देवळाली प्रवरा. फिल्म भाऊसाहेबाला दाखवायची होती. मी म्हटलं, फोनवर पाठवा. सर म्हणाले, त्याचा फोन फुटकाय, चित्र दिसत नाही. मी म्हटलं, मग आई फोनवर बोलते की त्याच्याशी. सर म्हणाले, तिच्याकडे बटणांचा फोन आहे, बोलण्यापुरता. थोडक्यात, मी गाडी काढली.

उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या झोपड्यांची, म्हणजे कोप्यांची, रांग होती. दुपारची वेळ, भाकरी खाऊन माणसं टेकली होती. उन्हात लॅपटॉपवर काही दिसेना, तेव्हा भाऊसाहेबानं कोपीतून गोधडी आणली. त्या एका गोधडीखाली भाऊसाहेब, सुनीता, सर आणि लॅपटॉप धरायला मी, अशी चार डोकी घुसली. उकाडा, धुराचा वास, सरांची शिंक. हे दोघं कितव्या मिनिटाला उठतात याचा मी अंदाज बांधत होतो. पहाटेपासून कोयता चालवलेली माणसं, त्यांना का छळायचं? उठले तर सरांच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढं मी ठरवून ठेवलं होतं.

पाच मिनिटं झाली. सात झाली. कुणी हललं नाही. सुनीता काहीतरी कुजबुजली तर भाऊसाहेब म्हणाला, ‘गप ऱ्हा. ऐकू दे.’

ऐकू दे? तिथे ऐकण्यासारखं कोंबडीशिवाय काही नव्हतं. पण त्यानं कान पार लॅपटॉपला लावला होता.

फिल्म संपली. भाऊसाहेबानं श्वास सोडला. ‘खोकली न्हाई,’ तो म्हणाला.

‘एकदाबी न्हाई,’ सुनीता म्हणाली. ‘अन् उठताना भितीला हात न्हाई लावला. पर आत्याबाई डाव्या डोळ्याला सारका पदर लावत्यात. चारदा लावला.’

‘पाचदा,’ भाऊसाहेब म्हणाला. ‘सर, पुन्यांदा लावा.’

दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यानं गोधडी बाजूला केली आणि मला समजावून सांगितलं, मलाच, कारण सरांना ते ठाऊक होतं. ‘फोनवर इचारलं का म्हनती, लई बरी हाय. तिकडं खोकला दाबून धरती. मला काय कळत न्हाई व्हय? दोन मिन्टं कुनीबी दम धरतं साहेब. इतका येळ न्हाई धरता येत.’ मग तो सुनीताकडे वळला. ‘मुकादमाला सांगतो. दोन दिस जाऊन डोळा दाखवून आनतो.’

मला लाज वाटली. त्या म्हातारीसमोर मी अकरा मिनिटं उभा होतो, आणि मला तिचा डोळा दिसला नव्हता. मला शेळी दिसली होती. सरांकडे पाहिलं तर ते चष्मा पुसत होते. त्यांची फिल्म कुणीतरी शेवटपर्यंत पाहिली होती, दोनदा. मला वाटलं, आता हे नाचतील, भाषण करतील, मला टाकीची आठवण करून देतील. त्यांनी नुसता भाऊसाहेबाच्या पाठीवर हात ठेवला.

भाऊसाहेब म्हणाला, ‘सर, तुमची पोरगी लांब हाय न्हवं? तुमचं कोन काढतं असं?’

‘माझं काय काढायचंय? मला काय धाड भरलीय?’ सर म्हणाले आणि लॅपटॉपची पिशवी उचलून गाडीकडे निघाले.

परतीच्या वाटेवर विळदचा घाट येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. छत्री नाही, फ्रेम नाही, काही नाही. दोन वर्षं ज्या शांततेसाठी मी तळमळत होतो ती मिळाली, आणि ती मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी सरांच्या घरी गेलो, तिपाई लावली आणि म्हटलं, ‘बसा.’

‘कशाला?’

‘अकरा मिनिटं. मी नाहीच असं समजा.’

कधी नव्हे ते त्यांना माझं ऐकू आलं. पहिली चार मिनिटं ते मलाच शिकवत होते. फ्रेम वाकडी आहे, खिडकी मागे घेऊ नका, उजेडाचं काय केलंत. मग त्यांनी सदऱ्याची गुंडी लावली. मग बाहेरून आणलेल्या मटाराच्या शेंगा पुढे ओढून सोलत बसले. एवढुश्या वाटीत, एका माणसापुरत्या. मी खरं सांगतो, मला भयंकर कंटाळा आला. शेवटी तर मी घड्याळाकडेच बघत होतो. फिल्म संपल्यावर त्यांना न विचारता ती मेघनाला पाठवून दिली आणि ऑफिसला गेलो.

अंगठा आला नाही. दोन मिनिटांत नाही, तासात नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला.

‘शिंदेकाका, ते बाबांचं मी पाहिलं. पूर्ण पाहिलं.’

‘कंटाळवाणं आहे जरा,’ मी म्हणालो. ‘मला काही त्यातलं समजत नाही.’

‘बाबा मला रोज सांगतात, मी मजेत आहे, इथे सारखी माणसांची ये-जा असते. पण काका, आठव्या मिनिटानंतर बाबा सारखे दाराकडे बघतायत. शेंग सोलतात, दाराकडे बघतात. कुणी यायचं होतं का?’

मी डबा बाजूला सारला.

‘नाही गं,’ मी म्हणालो. ‘कुणीच यायचं नव्हतं.’

जेवणाची सुट्टी संपली. फोन मात्र आम्ही दोघांनीही ठेवला नाही.