महिपतरावांच्या डोक्यातला उजेड

सानिकाने कॉलेजच्या त्या बंद खोलीत आतापर्यंत पंधरा डोकी बिनचूक मोजली होती. सोळावंही जेवणाच्या सुट्टीआधी उरकेल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. संध्याकाळी सगळे आलेख पुण्याला तिच्या सरांकडे जायचे होते, आणि साठीच्या पुढची सोळा माणसं हवी म्हणजे हवीच होती.

सोळावे महिपतराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सोबत त्यांच्या पत्नी सखूबाई, न बोलावता आलेल्या. सानिकाने दोघांना समजावलं, की टोपीतल्या दिव्यांचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कपाळातून आत जाऊन परत येतो आणि मेंदूत रक्त कुठे जास्त धावतंय ते पडद्यावर कळतं. विचार वाचता येत नाहीत, पण मेंदू कामाला लागला की रेघ वर चढते. यंत्रापासून काही लपत नाही. सखूबाईंनी यातलं शेवटचं तेवढं गाठीला बांधलं.

पहिली खूण झाली की दाभोळ ते मंडणगड वाटेतले थांबे मनात आठवायचे, दुसरी झाली की नुसतं स्वस्थ बसायचं. थांबे आठवताना महिपतरावांची रेघ सपाट. स्वस्थ बसले, की माडावर चढल्यासारखी सरसर वर! सानिकाने टोपी आवळली, खिडक्यांचे पडदे ओढले, पुन्हा मोजलं. तेच.

याचा अर्थ काय, असं सखूबाईंनी विचारलं. यंत्र चुकलं असं म्हणणं सानिकाच्या जिवावर आलं. ती म्हणाली, काका रिकामे बसले की कसलातरी जोरात विचार करतात.

"कसला नाय, कुणाचा म्हणा," सखूबाई म्हणाल्या.

मग मंडणगडच्या वस्तीच्या गाडीवर मथुरा नावाची एक कंडक्टर होती, हे सानिकाला सविस्तर ऐकावं लागलं. टोपी डोक्यावर असेपर्यंत बोलायची बंदी असलेले महिपतराव नुसते ऐकत होते. रेघ पडद्याबाहेर गेली. यंत्राला नावं कळत नाहीत, असं सानिका परोपरीने सांगू लागली. पण लपत काही नाही हे तीच म्हणाली होती.

शेवटी महिपतरावांनी टोपी काढली, ते कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी गेले आणि त्यांनी तोंड रिकामं केलं.

"मथुरा नाय गो. तंबाखू."

सानिकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जबडा हलला की कानशिलं हलत होती, कानशिलांबरोबर टोपी. थांबे आठवताना मात्र गडी इतका रंगायचा, की चघळायचं विसरायचा.

सखूबाई डब्यात वाकून बघून आल्या. मग म्हणाल्या, "मथुरा परवडली असती. तिला सोडल्याची शपथ तरी माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली नव्हती तुम्ही."

महिपतरावांचा आलेख बाद झाला. सोळावं डोकं आता कुठून आणायचं? सानिकाने सखूबाईंचं वय विचारलं. त्रेसष्ट. त्या लगेच खुर्चीत बसल्या. टोपी नीट बसली, तोंड रिकामं, खोलीत अंधार. पण स्वस्थ बसायची खूण झाली तरी रेघ खाली यायचं नाव घेईना.

"काकू, मन जरा शांत ठेवा ना," सानिका काकुळतीला येऊन म्हणाली.

"शांतच आहे," सखूबाई दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "घरी गेल्यावर काय काय बोलायचं, त्याचा क्रम लावत्येय."