ध्रुवाची चतुःसीमा

आमचे शेजारी सोनकांबळे भाऊसाहेब यांच्या बैठकीत उत्तर ध्रुवाचा नकाशा टांगलेला आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नाही.

भाऊसाहेब अहमदपूर तालुक्यात तलाठी होते. निवृत्त झाले, पण हद्दींचा सोस काही सुटला नाही. "चतुःसीमा सांगा" हे त्यांचं पालुपद. कुणी सोयरिकीची गोष्ट काढली तरी मुलाच्या आधी त्याच्या शेताची चतुःसीमा विचारतात.

"गुरुजी, ध्रुवावर उभं राहा. पूर्वेला कोण? पश्चिमेला कोण? चारी बाजूला दक्षिणच! सातबारा लिहावा कसा?"

मी हसलो की चिडतात. "हसताय तुम्ही. तलावाचं पाणी उतरलं की गाळपेर जमिनीवर काय व्हतंय, ते म्या बघितलंय. पाण्याखाली व्हती तवर कुणाचीच न्हवती. उघडी पडली की धा काठ्या हजर!" तिकडेही तेच, असं त्यांचं म्हणणं. बर्फ होता तोवर फारसं कुणी फिरकलं नाही. वितळू लागला तशी जहाजं निघाली, काठावरचे देश समुद्राचा तळही आपलाच म्हणू लागले. "दक्षिण ध्रुवाला निदान करार हाय, समदे दावे जागच्या जागी बांधून ठेवलेत. उत्तरेला काठावरच्या देशांची पंचायत बसती, पर हुकूम कुणाचा?"

इथं माठातलं पाणी गार होईना आणि यांना ध्रुवाच्या बर्फाची काळजी! सगळ्या गल्लीनं त्यांची टर उडवली. मीही.

परवा त्यांनी बोलावलं. नकाशाकडे बोटसुद्धा केलं नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद मालवाहू जहाजावर इंजिनीअर आहे, हे मला ठाऊक होतं. ते जहाज यंदा त्या उत्तरेच्या वाटेनं चाललंय आणि बारा दिवस त्याचा फोन नाही, हे ठाऊक नव्हतं. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. सांगणार तरी कुणाला? मला माझीच लाज वाटली.

"गुरुजी, काही झालंच, तर वर्दी कुणाला द्यायची? पंचनामा कुणी करायचा?"

त्यांनी एक कागद पुढे केला. "शुद्धलेखन तेवढं बघा."

जन्मभर लोकांचे अर्ज घेतलेल्या माणसानं स्वतः अर्ज लिहिला होता. मजकूर दोनच ओळींचा: "माझा मुलगा आपल्या हद्दीतून जात आहे. त्याच्याकडे लक्ष असू द्यावे, ही नम्र विनंती."

वर 'प्रति' लिहून पुढची जागा कोरी सोडली होती.