तेवीस अंश

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणी पुन्हा सुरू झाली आणि दीक्षाच्या लॅपटॉपवर आकडा उमटला: एकशे पंधरा.

म्हसळ्याजवळच्या त्या गावात नीराबाईंच्या भातगिरणीचे जुने डिझेल इंजिन करंजाच्या तेलावर चालेल असे बदलले होते. पिस्टन माथ्याला पोचायच्या किती अंश आधी तेल फवारले जाते, यावर दीक्षाने लक्ष ठेवायचे होते. चार महिने आकडा तेवीस येत होता. दर शनिवारी ती कॉलेजात आपले मार्गदर्शक दत्तात्रेय सरांना अहवाल पाठवी. सतरा अहवाल गेले; उत्तर एकाचेही आले नाही. गिरणीत तरी कोण बोलणार? इंजिन चालू असताना कुणाला ऐकू येत नसे आणि बंद झाले की सगळे घरी जात.

एकशे पंधराचा आकडा मात्र तिने पाठवला आणि चौथ्या मिनिटाला फोन वाजला.

"अगं, मग इंजिन चालतंय कसं?"

"छान चालतंय, सर."

"चालूच शकत नाही! बंद कर. पंप उघड. दर तासाला मला फोन."

पंप उघडला. ठीक होता. नळी बदलली. एकशे पंधरा. दुसऱ्या दिवशी सरांचे नऊ फोन आले, सातव्यात त्यांनी "जेवलीस का?" असेही विचारले. आठव्यात ते म्हणाले, "रविवारी मीच येतो." दीक्षाने खोली झाडून घेतली आणि दुसरा कप विकत आणला.

बाहेर सदू भाताच्या दोन गोण्यांवर बसून होता. "ताई, तुमचं गनित सुटंपर्यंत आमी भात तुसासकट खायाचा काय?"

गणित म्हटल्यावर तिने सहज भागून पाहिले. एकशे पंधरा भागिले तेवीस. बरोबर पाच.

ती टॉर्च घेऊन इंजिनच्या मोठ्या चाकापाशी गेली. चाकावर तिने एक चंदेरी पट्टी चिकटवली होती. ती समोरून गेली की सेन्सर एक फेरा मोजी. आता पट्ट्या पाच होत्या. एका फेऱ्याचे पाच मोजले जात होते, म्हणून अंशही पाचपट दिसत होते.

"नीरामावशी, या कुणी लावल्या?"

"मी! खंडेनवमीला. तू तालुक्याला गेल्ती. इंजिनाची पूजा केली, तं तुजी पट्टी एकलीच, बरी दिसं ना. सुतानं मापून लावल्यात हां! एक वाकडी न्हाय."

खरेच एकही वाकडी नव्हती. म्हणून तर आकडा इतका ठाम होता.

दीक्षा बराच वेळ फोन हातात धरून बसली. सांगितले, तर सर रविवारी येणार नव्हते. मग तिने सांगितले.

"अच्छा. पट्ट्या," सर म्हणाले. "मग यायची गरज नाही."

चार पट्ट्या निघाल्या. सदूचा तांदूळ निघाला. तेवीस. रविवारी फोन आला नाही.

सोमवारी दहाला वाजला.

"कसं आहे इंजिन?"

"तेवीस, सर."

"आवाज?"

"नेहमीचा."

"थरथर वगैरे?"

"नाही, सर."

"म्हणजे... काहीच नाही." पलीकडे पंखा घरघरत होता. कॉलेजच्या त्या प्रयोगशाळेत त्याच्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. सर फोनही ठेवत नव्हते.

दीक्षाने धुराड्याकडे पाहिले. धूर रोजचाच होता, विरळ.

"थोडा धूर वाटतोय, सर."

"धूर?" खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "थांब, वही घेतो. हं, रंग सांग. सावकाश सांग, मला घाई नाही."