तपशीलवार माफी

पारसने त्या वर्षी क्षमापनेची कार्डं छापायची नाहीत असं ठरवलं आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

दरवर्षी जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस, म्हणजे संवत्सरी, झाली की नारायणगावच्या 'दलीचंद क्लॉथ सेंटर'मधून सव्वाशे कार्डं पोस्टात पडायची. 'वर्षभरात जाणता-अजाणता आमच्याकडून आपले मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.' काय दुखावलं, कधी दुखावलं, कुणी दुखावलं, काही विचारू नका. समोरूनही तसंच कार्ड यायचं आणि दोन्ही बाजू पुढच्या वर्षापर्यंत मोकळ्या व्हायच्या. पिढ्यानपिढ्या ही सोय बिनतक्रार चालली होती. (जे बिनतक्रार चाललंय त्यात सुधारणा करायची खोड शिकलेल्या माणसाला असते आणि पारस बी. कॉम. होता.)

या सुधारणेचं मूळ एका कादंबरीत होतं. पुण्याला माल आणायला गेला असताना त्याने ती फुटपाथवरून उचलली. तिचा नायक एक निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या बांधावर साखळी ओढताना त्याने बरेच उद्योग केलेले. एक दिवस त्याला उपरती होते. ज्याचं ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन नेमकं काय केलं ते सांगायचं आणि शेवटचा माणूस माफ करेपर्यंत खाली बसायचं नाही, असा तो पण करतो. मग तीनशे बारा पानं हा गृहस्थ उभा. उभ्याने जेवतो, भिंतीला टेकून झोपतो, न्हाव्याकडे उभ्याने दाढी करून घेतो. शेवटच्या पानावर त्याला खुर्ची मिळते. ते पान पारसने दुकानात वाचलं आणि भर गिऱ्हाइकीत डोळे पुसले. समोरच्या बाईला वाटलं, आपण फारच भाव पाडून मागितला. तिने मुकाट्याने सांगितलेल्या भावात दोन लुगडी घेतली.

इतकं थोर पुस्तक एकट्याने वाचून भागणार नव्हतं. पारसने ते घरभर फिरवलं.

वडील दलीचंदशेठ, ज्यांना घरात भाऊ म्हणत, त्यांनी ते चष्मा लावून आठवडाभर वाचलं. "तीनशे पानं हुबा ऱ्हायला आन पायाला सूज न्हाई?" ते म्हणाले. "लिहिणाऱ्याला कुणी चार दिवस काउंटरमागं हुबं करा."

आई सज्जनबाई, ज्यांना घरात नुसतं बाई म्हणत, तेराव्या पानावर थांबल्या. तेराव्या पानावर मोजणीदार बटाट्याची भाजी खातो.

"चातुर्मासात?" बाईंनी विचारलं.

"बाई, तो जैन नाहीये."

"मग एवढं करून त्याचा काय उपयोग?" असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर पापड वाळवण्याच्या फडक्याची घडी ठेवली.

दुकानाच्या ओट्यावर घोंगड्या विकायला बसणाऱ्या पिंपळवंडीच्या धर्माजींना पारसने गोष्ट तोंडी सांगितली. धर्माजींकडे अजून वीसेक मेंढरं होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "हुबं ऱ्हायचं काय कवतिक, पारसशेठ? मेंढरामागं आमी जल्मभर हुबंच हाय. आमच्यावर कुणी पुस्तक लिवलं न्हाई."

राहिली बायको, रीना. तिने तीन दुपारी पुस्तक वाचलं, जागेवर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "त्याची बायको कुठंय हो यात?"

"आहे की. बासष्टाव्या पानावर चहा देते."

"हं," रीना म्हणाली.

या 'हं'चा अर्थ लावायला हवा होता. पण पारसला आपल्या घरात एकाही माणसाला साहित्य कळत नाही याचंच इतकं दुःख झालं, की त्याने या लोकांना ते आचरणातून समजवायचं ठरवलं. शिवाय त्याच्या मनावर खरंच ओझं होतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. रीना त्याला सरळ माणूस समजते असा त्याचा समज होता आणि त्या समजापायी त्याला अधूनमधून झोप लागत नसे. यंदा माफी मागायची ती तपशीलवार.

संवत्सरीचा उपवास झाला, प्रतिक्रमण झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं आटोपताच पारस हात जोडून भाऊंसमोर उभा राहिला. (बसला नाही. मोजणीदाराचा प्रभाव.)

"मिच्छामि दुक्कडम्, भाऊ."

"मिच्छामि दुक्कडम्," भाऊ उठायला लागले.

"थांबा. तपशील राहिला. शहाण्णव साली तुमचा रेडिओ बंद पडला होता, तो बिघडला नव्हता. पहाटे साडेपाचला मोठ्याने वाजायचा, म्हणून मी आतली वायर तोडली होती."

भाऊ परत खाली बसले. "आन मी त्या भगवंत रेडिओवाल्याला चोर म्हनालो! पार्ट काढला म्हनालो, भर बाजारात! सात वर्सं त्याच्या दारावरून मान फिरवून जातोय मी!"

"म्हणूनच क्षमा मागतो."

"तू माग. आता मला त्याच्या दारात जावं लागंल!" भाऊंनी टोपी घातली आणि चपला शोधू लागले.

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. पारस बाईंकडे वळला.

"बाई, सत्त्याण्णव साली तुम्ही अठाई केलीत, आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहिलात. वरघोड्याची मिरवणूक निघाली, तुम्ही बग्गीत बसलात, मी फोटो काढले."

"स्टुडिओवाल्यानं खराब केले ते," बाई म्हणाल्या.

"कॅमेऱ्यात रोलच नव्हता. मी विसरलो होतो."

बाई म्हणाल्या, "मग गल्लीच्या तोंडापासून आपल्या जैन स्थानकापर्यंत मी हसत कुणाकडं होते?"

पारसला खरोखर वाईट वाटलं. मोजणीदाराने माफी मागितली की पुस्तकातली माणसं खांद्यावर हात ठेवायची. बाईंनी माळ हातात घेतली आणि म्हणाल्या, "आजच्या दिवशी नाही म्हणता येत नाही, म्हणून क्षमा केली. उद्या बघते तुझ्याकडं."

दोन झाले होते. आता खरं ओझं उतरवायचं होतं. रीना स्वयंपाकघरात त्याचा डबा भरत होती.

"रीना, मिच्छामि दुक्कडम्."

"मिच्छामि दुक्कडम्. डबा घ्या, उशीर होतोय."

"डब्याचंच सांगायचंय." पारस म्हणाला. "लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तू बेसनाच्या गट्ट्यांची भाजी दिली होतीस. मला गट्टे आवडत नाहीत. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. डबा धर्माजींना दिला आणि स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तेव्हापासून... रोजच."

"रोज?"

"रविवार सोडून. आणि संध्याकाळी तुला सांगायचो, डबा फक्कड झाला होता."

बाहेर बाईंची माळ थांबली. "मिसळ? कांदा घातलेली? पर्युषणात?"

"पर्युषणात कांदा बाजूला काढत होतो, बाई!" पारसने आतूनच खुलासा केला. त्याला उत्तर म्हणून बाहेरून एक लांब उसासा ऐकू आला. (नंतर पंधरा दिवस बाईंनी त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही.)

रीना मात्र रडली नाही की चिडली नाही. तिने डब्याची कडी लावली, हात पुसले आणि म्हणाली, "मला माहितेय."

"कसं?"

"धर्माजी आले होते घोंगडी घेऊन. आपलं लग्न होऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. दारात उभे राहून म्हणाले, 'ताई, तुमचा डबा मी खातुया, शेठ देत्यात. लपवून खानं बरं न्हाई म्हून सांगतो. आन भाजीत तिखट वाईच वाढवा.'"

एकही कादंबरी न वाचता माणूस इतकं सरळ वागू शकतो, हे पारसला फार लागलं. "मग तू काय केलंस?"

"वाढवलं तिखट."

"साडेचार वर्षं तू त्यांच्यासाठी डबा भरतेस?"

"मग कुणासाठी भरू? ते दर आठवड्याला दारावरून जाताना सांगून जातात. शेंगदाण्याची आमटी आवडली, कारल्याला गूळ जास्त झाला. दिवाळीला घोंगडी देऊन गेले, तुम्ही तीच पांघरता. तुम्ही रोज एकच सांगता, फक्कड." तिने रिकामं पातेलं मोरीत ठेवलं. "सुरुवातीला वाट बघितली मी. म्हटलं आज सांगतील, उद्या सांगतील. मग सोडून दिलं."

पारसला पुस्तकातलं एकही वाक्य आठवेना. तो कसाबसा म्हणाला, "आज सांगितलं ना. मोजणीदारानेही शेवटीच..."

"तुमच्या त्या मोजणीदाराला बसायचं होतं," रीना म्हणाली. "पाय दुखत होते त्याचे. म्हणून दारोदार माफी मागत हिंडत होता. ज्यांना सांगितलं, त्यांच्या पायांचं कुणी विचारलं का?"

तीनशे बारा पानांचं इतकं थोडक्यात परीक्षण पारसने ऐकलं नव्हतं. आणि आपली बायको आपल्यापेक्षा हुशार आहे, ही गोष्ट पाच वर्षं शेजारी असून आपल्याला आत्ता कळतेय, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"माफ केलंस का?" त्याने विचारलं.

"केव्हाच केलं. पण आवडीनिवडी कळायला वेळ लागतो माणसाच्या. धर्माजींच्या कळल्यात मला."

"आजपासून मी खाणार डबा."

"आजचा? आज दोडक्याची चटणी आणि बाजरीची भाकरी आहे, त्यांनी परवा सांगितली होती." रीनाने डबा त्याच्या हातात दिला. "त्यांना विचारून बघा."

दुपारी एकला पारस डबा घेऊन ओट्यावर आला. धर्माजींनी सवयीने हात पुढे केला. पारसने डबा दिला नाही. खाली मान घालून, अडखळत, त्याने सकाळपासूनची सगळी हकिकत सांगितली. स्टँडसमोरून मिसळीच्या तर्रीचा वास येत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला तो नकोसा झाला. मोजणीदार खुर्चीपाशी येऊन थांबतो तसा तो ओट्यापाशी थांबला होता.

धर्माजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग घोंगड्यांची चळत सरकवून त्यांनी एका माणसापुरती जागा केली, पारसच्या हातातला डबा घेऊन उघडला, अर्धी भाकरी मोडून त्यावर चटणी ठेवली आणि पारसपुढे धरली.

"बसा, पावणं," ते म्हणाले. "लाजू नका. आमच्या ताईच्या हाताला लई चव हाय."